व्हेकन्सी जास्त, तरी कॅटलिस्ट मंद? कॉपर-सिरियातल्या डोपिंगची गोम

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉपर-सिरियाचे (सिरिया म्हणजे सिरियम ऑक्साइड, त्यात कॉपर घातलेला कॅटलिस्ट) चार सॅम्पल बनवले, एक साधं, बाकी तिघांत प्रत्येकी एक डोपंट, म्हणजे मुद्दाम मिसळलेला दुसरा धातू, १० टक्के: लॅन्थेनम, झिर्कोनियम किंवा प्रासिओडिमियम. रामन (लेझर टाकून स्ट्रक्चर बघतात ते) आणि एक्सपीएस (एक्स-रे टाकून सरफेसवरचे अणू बघतात ते) दोन्हीत लॅन्थेनमवाल्यात ऑक्सिजन व्हेकन्सी, म्हणजे ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, सगळ्यात जास्त दिसतात, पण सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ऑक्सिडेशनला तोच सगळ्यात ढिम्म, साध्यापेक्षाही मागे, आणि झिर्कोनियमवाला पुढे. डोपिंग केलं की व्हेकन्सी वाढतात, व्हेकन्सी वाढल्या की ॲक्टिव्हिटी वाढते, असं प्रत्येक पेपरच्या इंट्रोडक्शनमध्ये वाचलेलं, मग आपलं चुकलं कुठे?

तुमचं फारसं काही चुकलेलं नाही, त्या वाक्यातच गडबड आहे. मी या पावडरींमध्ये इतकी वर्षं काढलीत की लग्नाआधीच माझे हात पिवळे झाले होते, आणि सुरुवातीला मीही हेच वाक्य घोकून चार्ट काढायचो, एका बाजूला व्हेकन्सी, दुसऱ्या बाजूला रेट, आणि मधून सरळ रेष जावी म्हणून देवाला साकडं. रेष जाते कधी कधी, पण बऱ्याचदा ती भलत्याच कारणाने जाते. किती व्हेकन्सी आहेत याच्यापेक्षा कुठल्या आहेत, कॉपरपासून किती लांब आहेत आणि त्यांच्यासोबत इलेक्ट्रॉन आहेत का, हे बघायला लागतं.

आता नीट सांगतो. सिरियाचं स्ट्रक्चर फ्लोराइटचं, प्रत्येक सिरियमभोवती ८ ऑक्सिजन, प्रत्येक ऑक्सिजनभोवती ४ सिरियम. यात रिकामी जागा दोन अगदी वेगळ्या कारणांनी होते. पहिलं कारण म्हणजे ऑक्सिजन खरोखर निघून जातो, हायड्रोजनने किंवा सीओने ओढून नेला म्हणा, तो जाताना २ इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो आणि ते आजूबाजूच्या दोन सिरियम ४+ वर बसून त्यांना ३+ करतात. दुसरं कारण डोपंट. सिरियम ४+ च्या जागी लॅन्थेनम ३+ बसवला की चार्ज कमी पडतो, तो हिशोब जुळवायला लॅटिस, म्हणजे अणूंची जाळी, मुळातच दर दोन लॅन्थेनममागे एक ऑक्सिजन कमी ठेवते. इथे कोणी काही रिड्यूस झालेलं नाही, एकही इलेक्ट्रॉन मागे राहिलेला नाही, सिरियम ३+ चा पत्ता नाही. रामन मात्र या दोघांनाही "डिफेक्ट" म्हणतो आणि आपण दोघांना एकाच पिशवीत टाकतो.

आकडा काढून बघा म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. १० टक्के लॅन्थेनम पूर्ण आत गेला तर प्रत्येक फॉर्म्युल्यात ऑक्सिजन २ ऐवजी १.९५ राहतो, म्हणजे ऑक्सिजनच्या २.५ टक्के जागा कायमच्या रिकाम्या. कॉपर २+ आत गेला तर तोच परिणाम निम्म्यात मिळतो, ५ टक्के कॉपरने तेवढ्याच जागा रिकाम्या होतात कारण तिथे चार्ज दोनने कमी पडतो. म्हणजे कॉपर-सिरियात कॉपर हाच पहिला डोपंट आहे, तुमचा लॅन्थेनम नंतर आला. हे लोक विसरतात.

आता कॅटलिसिसचं बघू. सीओ येऊन लॅटिसमधला ऑक्सिजन घेऊन जातो, मग हवेतला ऑक्सिजन येऊन ती जागा भरतो, मार्स-व्हॅन क्रेव्हेलन म्हणतात ती हीच गोष्ट. पण जागा भरायची तर ऑक्सिजनच्या रेणूला ४ इलेक्ट्रॉन लागतात, त्याशिवाय तो दोन ऑक्साइड आयन होऊन लॅटिसमध्ये बसूच शकत नाही. पहिल्या प्रकारच्या जागेत ते इलेक्ट्रॉन शेजारीच ठेवलेले असतात. लॅन्थेनमच्या जागेत ते नाहीत. घर रिकामं आहे पण किल्ली नाही, तशातली गत. त्यामुळे या जागा हवेत १००० डिग्रीवर भाजा नाहीतर वर्षभर बाटलीत ठेवा, तशाच राहतात, आणि म्हणूनच तुमच्या रामनमध्ये ऐटीत दिसतात. याउलट ज्या जागा खरं काम करतात त्या सॅम्पल हवेत थंड झाला की बहुतेक भरून जातात. म्हणजे खोलीच्या तापमानाला, हवेत, काचेच्या स्लाइडवर घेतलेला रामन तुम्हाला मुख्यतः सुट्टीवर असलेली माणसं मोजून देतो.

एवढ्यावर भागत नाही, अजून एक उलटी गोष्ट आहे. रिडक्शनचा समतोल लिहून बघा, सिरियम ३+ च्या कॉन्सन्ट्रेशनचा वर्ग, गुणिले व्हेकन्सी, गुणिले ऑक्सिजन प्रेशरचं वर्गमूळ, हे एका तापमानाला स्थिर. लॅन्थेनमने व्हेकन्सी आधीच भरमसाट करून ठेवल्या तर त्याच प्रेशरला सिरियम ३+ कमी व्हायला पाहिजे, नाहीतर गुणाकार जुळणार कसा? म्हणजे ट्रायव्हॅलंट (३+ वालं) डोपिंग व्हेकन्सी वाढवतं पण रिड्यूस होण्याची ओढ दाबतं. आणि नायोबियम ५+ सारखा डोपंट घातला तर बरोबर उलटं, सिरियम ३+ वाढतो आणि व्हेकन्सी कमी होतात. म्हणून एक्सपीएसमधला सिरियम ३+ चा टक्का म्हणजेच व्हेकन्सीचा टक्का हे समीकरण डोप केलेल्या सॅम्पलला लावायचंच नाही. शुद्ध सिरियाला चालतं, तेही सांभाळून.

मग ट्रायव्हॅलंट डोपंटच्या जागा अगदीच टाकाऊ का? नाही, तसंही नाही. रिकाम्या जागेतून ऑक्सिजन उड्या मारत सरकतो, आयनिक कंडक्टिव्हिटी त्यावरच चालते, सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलमध्ये गॅडोलिनियम घातलेला सिरिया त्यासाठीच वापरतात. पण तिथेही साधारण १० ते २० टक्क्यांच्या पुढे गेलं की कंडक्टिव्हिटी पडायला लागते, कारण डोपंट आणि व्हेकन्सी एकमेकांना चिकटून बसतात आणि जागा मोकळी फिरायची बंद होते. शिवाय हे सगळं कामाचं ५००-६०० डिग्रीच्या वर. तुमचं सीओ ऑक्सिडेशन १०० डिग्रीच्या आसपास चाललंय, तिथे पोटातला ऑक्सिजन वर येण्याची वाट बघायला कोणाला वेळ नाही, जे काय होतं ते कॉपर आणि सिरियाच्या सीमेवर होतं.

कॉपरचं काम आता जवळून बघू कारण खरी मजा तिथे आहे. कॉपर २+ आणि सिरियम ३+ शेजारी आले की इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातो, कॉपर १+ आणि सिरियम ४+ होतात, आणि परत उलटं. सीओ पकडतो तो कॉपर १+, ड्रिफ्ट्समध्ये (पावडरवर घेतलेल्या इन्फ्रारेडमध्ये) २११० वेव्हनंबरच्या आसपास जो पीक दिसतो तो त्याचाच. त्या सीओला ऑक्सिजन मिळतो शेजारच्या सिरियाकडून, किंवा कॉपर-ऑक्सिजन-सिरियम अशा पुलावरच्या ऑक्सिजनकडून. आणि लॅटिसमध्ये बसलेला कॉपर तर अजून वेगळा, तो सिरियमच्या जागेवर ८ ऑक्सिजन घेऊन बसतच नाही, जवळपास चौकोनी प्लेन पकडून ४ ऑक्सिजनवर भागवतो. कॅल्क्युलेशन करणारे सांगतात की कॉपर आत गेला की पहिली व्हेकन्सी जवळपास फुकट होते, ऊर्जा लागतच नाही. हे वाचून लोक खूश होतात. पण ती फुकटची व्हेकन्सी म्हणजे लॅन्थेनमवाल्यासारखीच, चार्ज जुळवणारी, तिच्यात इलेक्ट्रॉन नाहीत! विचारायला पाहिजे ती दुसरी व्हेकन्सी, पहिली झाल्यावर त्याच कॉपरच्या शेजारचा पुढचा ऑक्सिजन काढायला किती ऊर्जा लागते. ती साध्या सिरियापेक्षा बरीच कमी लागते, म्हणून कॉपर-सिरिया एवढा चांगला. कुठल्याही पेपरमध्ये डोप्ड सिरियाची व्हेकन्सी फॉर्मेशन एनर्जी ऋण आकड्यात दिसली की आधी बघा ती कितव्या व्हेकन्सीची आहे.

हे सगळं टीपीआरमध्ये, म्हणजे हायड्रोजनमध्ये हळूहळू तापवत किती हायड्रोजन खाल्ला ते मोजतात त्यात, डोळ्यांनी दिसतं. नुसत्या सिरियाचा सरफेस ५०० डिग्रीच्या आसपास रिड्यूस होतो आणि बल्क, म्हणजे पोटातला भाग, ८०० च्या आसपास. कॉपर घातला की १५० ते २५० मध्येच दोन-तीन पीक येतात आणि ५०० चा पीक गायब होतो किंवा लाजत लाजत उरतो. कॉपर ऑक्साइडला पूर्ण रिड्यूस व्हायला एका कॉपरमागे एक हायड्रोजन लागतो, तुमचा आकडा १ च्या वर गेला तर वरचा ऑक्सिजन सिरियाने दिलाय. हा जास्तीचा आकडा म्हणजे माझ्या मते तुमच्या चारही सॅम्पलमधली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट, रामनच्या रेशोपेक्षा (डिफेक्टचा पीक भागिले मुख्य पीक) कितीतरी. फक्त कॅलिब्रेशन नीट करा आणि कॉपरचं प्रमाण आयसीपीने (पावडर विरघळवून धातू मोजतात ते) मोजलेलं घ्या, वजनकाट्यावरच्या हिशोबाचं नको.

आता एकेक डोपंट. झिर्कोनियम ४+ आहे म्हणजे चार्ज जुळवायला एकही व्हेकन्सी लागत नाही, तरी तो पुढे, आणि यामुळे लोक गोंधळतात. कारण आकाराचं आहे. सिरियम ४+ ची त्रिज्या ०.९७ अँगस्ट्रॉम, रिड्यूस होऊन ३+ झाला की १.१४, म्हणजे फुगतो, आणि गच्च भरलेल्या लॅटिसमध्ये फुगायला जागा पाहिजे. झिर्कोनियम ०.८४ चा, लहान, त्याच्यामुळे आजूबाजूला ऐसपैस होतं, शिवाय त्याला स्वतःला ८ ऑक्सिजन फारसे झेपत नाहीत, ७ वर तो खूश असतो, त्यामुळे त्याच्या शेजारचा एखादा ऑक्सिजन ढिला असतो. थोडक्यात त्याने जागा आधी रिकाम्या केल्या नाहीत, रिकाम्या होणं सोपं केलं, आणि त्या होतात तेव्हा इलेक्ट्रॉनसकट होतात. गाड्यांच्या थ्री-वे कॅटलिस्टमध्ये सिरिया-झिर्कोनिया वापरतात तो याच ऑक्सिजन साठवण्याच्या गुणासाठी, आणि तो गरम झाल्यावर कण लवकर वाढत नाहीत म्हणूनही.

लॅन्थेनम १.१६ चा, म्हणजे आधीच सिरियम ३+ एवढा मोठा. लॅटिस फुगते, एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन) पीक डावीकडे सरकतात, आणि तो स्वतः कधीच व्हॅलन्स बदलत नाही, इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीत त्याचा शून्य सहभाग. वर तो सरफेसवर जमा होतो आणि बेसिक असल्यामुळे कार्बन डायऑक्साइड धरून बसतो, सीओ ऑक्सिडेशनमध्ये तर तोच तयार होतोय, म्हणजे स्वतःच्याच धुराने स्वतःचं तोंड बंद. तुमच्या लॅन्थेनमवाल्याच्या ढिम्मपणात याचा वाटा मोठा असेल अशी मला दाट शंका आहे. काही लोकांना लॅन्थेनमने फायदा होतो ते खोटं बोलत नाहीत, थोडा घातला तर कण लहान राहतात, सरफेस एरिया वाढतो, तेवढ्याने रेट वाढतो. तुम्ही बीईटी (सरफेस एरियाचं मोजमाप) घेतलाय का ते लिहिलेलं नाही, घेतला नसेल तर ही सगळी चर्चाच थोडी हवेत आहे.

प्रासिओडिमियम ३+ आणि ४+ दोन्ही असतो, तो स्वतः सहज रिड्यूस होतो, बल्कमधून ऑक्सिजन छान फिरवतो, काजळी जाळायला किंवा जास्त तापमानाच्या कामाला उपयोगी. १०० डिग्रीला त्याचं फारसं चालत नाही. पण तो मोजमापात दोन ठिकाणी असा काही पाय घालतो की बस. एक, त्याने सिरिया विटकरी लाल होतो, हिरवा लेझर शोषतो, ५७० वेव्हनंबरजवळचा डिफेक्टचा पीक रेझोनन्समुळे अवाच्या सवा वाढतो, आणि त्याचा रेशो झिर्कोनियमवाल्याच्या रेशोशी लावला तर तुलना कशाची कशाशी होतेय तेच कळत नाही. दोन, एक्सपीएसमध्ये प्रासिओडिमियमचा ३डी पीक ९३३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतो, म्हणजे बरोबर कॉपरच्या २पी च्या डोक्यावर. त्या सॅम्पलमध्ये "कॉपर १+ वाढला" असं दिसत असेल तर तो कॉपर नाही, पाहुणा आहे.

एक्सपीएसचा विषय निघालाच आहे तर ओ १एस, म्हणजे ऑक्सिजनच्या पीकबद्दल बोलतो, हा माझा जुना घाव आहे. ५२९.५ च्या आसपास लॅटिसचा ऑक्सिजन, आणि ५३१-५३२ ला दुसरा पीक, त्याला सर्रास "ऑक्सिजन व्हेकन्सी" असं लेबल लावतात. अहो, जिथे ऑक्सिजन नाहीच तिथून ऑक्सिजनचा पीक येईल कसा? तिथे येतात हायड्रॉक्सिल, कार्बोनेट, पाणी. माझ्या एका लॅन्थेनमवाल्या सॅम्पलमध्ये हा पीक तुफान मोठा आला होता, मी त्यावर अर्धं चॅप्टर लिहून टाकलं. मग एक दिवस तोच सॅम्पल प्रेप चेंबरमध्ये ऑक्सिजनमध्ये ४०० डिग्रीला तापवला आणि हवा न लावता आत घेतला, तर पीक निम्म्याहून खाली. व्हेकन्सी काय ऑक्सिजनमध्ये तापवून निम्म्या झाल्या म्हणायच्या? कार्बोनेट उडालं होतं, बाकी काही नाही. कार्बन १एस मध्ये २८९ ला बघून खात्री करावी म्हटलं तर तिथे सिरियमचा ४एस येऊन बसतो, तोही धड पुरावा नाही, शेवटी आयआरमध्ये (इन्फ्रारेडमध्ये) १३०० ते १६०० चा भाग बघितला तेव्हा कार्बोनेटची अख्खी जत्रा दिसली. चॅप्टर फाडलं. शिवाय व्हॅक्युममध्ये एक्स-रेखाली सिरियम आणि कॉपर दोघेही हळूहळू रिड्यूस होत राहतात, म्हणून कॉपरचा भाग सगळ्यात आधी आणि झटपट घ्यायचा, आणि शेवटी परत एकदा घेऊन बघायचं की तो तसाच आहे का.

रामनबद्दल अजून थोडं. ४६५ चा मुख्य पीक सरकला म्हणजे व्हेकन्सी वाढल्या असं लगेच म्हणू नका, कण लहान झाले तरी सरकतो, कॉपरवाली पावडर काळपट असते ती लेझरने तापली तरी सरकतो. पॉवर निम्मी करून परत घ्या, जागेवर आला तर ती उष्णता होती. आणि ५५० आणि ६०० वेगळे धरा, ५५० चा खांदा डोपंटबरोबरच्या व्हेकन्सीशी जोडतात, ६०० चा भाग नुसत्या डोपंटमुळे लॅटिस वाकडी झाली तरी येतो, झिर्कोनियममध्ये येतो तो तसाच.

मग करायचं काय. चारही सॅम्पल कोप्रेसिपिटेट केलेत, म्हणजे प्रत्येकातले सगळे धातू एकाच द्रावणातून एकदम खाली बसवलेत, असं दिसतंय, त्यात अडचण अशी की डोपंट बदलला की कॉपर कुठे जातो तेही बदलतं, काही लॅटिसमध्ये, काही सरफेसवर पसरलेला, काही कॉपर ऑक्साइडचे कण. एक्सआरडीमध्ये ३५.५ आणि ३८.७ चे पीक नाहीत म्हणजे सगळा कॉपर आत गेला असं होत नाही, २-३ नॅनोमीटरचे कण त्याला दिसतच नाहीत. म्हणून एक सेट असा करा की डोप केलेला सिरिया आधी बनवून चांगला भाजून घ्या, सरफेस एरिया जवळपास सारखे आणा, आणि मग त्यावर सारखाच कॉपर वरून चढवा. फरक राहिला तर तो सपोर्टचा, म्हणजे खालच्या सिरियाचा. जुन्या सेटमधला थोडा भाग पातळ नायट्रिक ॲसिडने धुऊन कॉपर किती निघतो ते बघा, उरलेल्याची ॲक्टिव्हिटी परत मोजा. धुताना सरफेसवरचा लॅन्थेनमही थोडा निघतो, त्यामुळे धुतल्यानंतरचं आयसीपी दोन्ही धातूंचं करा. कॉपरचं डिस्पर्शन नायट्रस ऑक्साइडने मोजायच्या फंदात पडू नका, रिड्यूस झालेला सिरिया पण नायट्रस ऑक्साइडमधला ऑक्सिजन खातो आणि कॉपर आहे त्याच्यापेक्षा जास्त पसरलेला दिसतो.

रेट घेताना कन्व्हर्जन १५ टक्क्यांच्या खाली ठेवा, टी-५० च्या (अर्धा सीओ जळतो त्या तापमानाच्या) वक्रांवरून मेकॅनिझम सांगू नका, सीओ ऑक्सिडेशन भरपूर उष्णता सोडतं आणि बेड स्वतःच तापून वक्र उभा करतो. आणि एक छोटा प्रयोग, ज्याला मोठं मशीन लागत नाही: १५० डिग्रीला सीओचे पल्स द्या कार्बन डायऑक्साइड यायचा थांबेपर्यंत, मग ऑक्सिजनचे पल्स द्या, मग परत सीओ. पहिल्या फेरीत किती ऑक्सिजन निघाला, भरताना किती गेला, दुसऱ्या फेरीत किती निघाला. लॅन्थेनमवाल्यात दुसऱ्या फेरीला आकडा पडला आणि मधे हेलियममध्ये ४०० डिग्रीला नेऊन आणल्यावर परत वर आला, तर ते कार्बोनेट. नेऊन आणूनही तसाच कमी राहिला तर खरंच रिडक्शनची ओढ कमी आहे किंवा कॉपर हलला आहे, आणि मग टीपीआरमधला हायड्रोजन-कॉपरचा आकडा बाजूला ठेवून बघा.

हे सगळं करायच्या आधी मात्र चारही पावडरींचं सोडियम आणि क्लोराइड मोजून घ्या. कॉस्टिकने किंवा सोडियम कार्बोनेटने प्रेसिपिटेट केलं असेल तर धुवायला आळस झालेला सॅम्पल नेमका मागे पडतो, आणि क्लोराइड सॉल्ट वापरलं असेल तर क्लोरीन ऑक्सिजनच्या रिकाम्या जागेतच जाऊन बसतो. लॅन्थेनमची बाटली क्लोराइडची होती आणि बाकी सगळ्या नायट्रेटच्या, हे मला एकदा सहा महिन्यांनी लेबल वाचल्यावर कळलं होतं.